धूर उतरवलेलं तोरण

सकाळी सातच्या सुमाराला आमच्या स्वयंपाकघरातून उकडीचा वास येतो. तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात पडलं, वर झाकण बसलं आणि आत वाफ कोंडली, की तो वास आधी भांड्यालाच धरून असतो आणि मग हळूहळू सैल होत घरभर पसरतो. गोडसर, ओलसर, तान्ह्या पोराच्या टाळूला येतो तसा. पाचव्या मजल्यावरचं घर, तीन खोल्यांचं. वासाला जायला फार जागा नाही. तो दारापर्यंत येतो. मीही त्याच वेळी दार उघडून उंबरठ्यात उभा असतो. समोरच्या बिऱ्हाडाला वाटतं, म्हातारा पेपरची वाट बघतोय. पेपर मी वाचतो, पण तो दुपारी, सावकाश, एकेका अक्षरावर बोट टेकवत. सकाळी मी उभा राहतो तो तोरणासाठी.

दोन हात लांबीचं मण्यांचं तोरण आहे. पांढऱ्या काचमण्यांच्या जमिनीवर पाच हिरवे राघू. कडेचे चार जोडीजोडीने तोंडाला तोंड लावून बसलेत आणि मधला एकटा सरळ समोर बघतो, आल्यागेल्याकडे. चोची लाल, डोळ्यांना एकेक काळा मणी. खाली काचेच्या नळ्यांच्या सरी. लिफ्टचं दार उघडलं की तेवढ्या वाऱ्यानेही त्या किणकिणतात. बघणारे विचारतात, कुठून आणलंत, हल्ली असलं मिळत नाही. मी म्हणतो, भंगारातून. त्यांना वाटतं थट्टा करतोय. भंगारातून आणणं काही मोठं नाही, कुणीही आणेल. आणल्यावर मी त्याचं काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे.

पण त्याआधी धुराबद्दल बोललं पाहिजे, कारण माझं शिक्षण तिथलं. शाळा म्हणाल तर तिसरी, तीही अर्धी. दिवाळी उरकली आणि भात कापून शेतं रिकामी झाली, की आमच्या पनवेलच्या आसपास विटांच्या भट्ट्या उभ्या राहायच्या, आणि आम्ही पोरं आईबापांबरोबर भट्टीवर जायचो. बाकीचे चिखल तुडवायचे, विटा पाडायचे. मला मात्र आगीचं वेड. विशीत आलो तेव्हा मी भट्टी लावणारा झालो होतो. कच्च्या विटा रचायच्या, मधून मधून तूस आणि कोळसा भरायचा, विस्तव घालायचा आणि मग धुराकडे बघत बसायचं. धूर पांढरा असला तर वीट अजून पाणी सोडतेय. काळा झाला तर आत हवा कोंडलीय. आणि निळसर, विरविरीत, असून नसल्यासारखा झाला की समजायचं, वीट पिकली. मालक मोटारीतून उतरून मला विचारायचे, "काय रे, झाली का?" मी धुराकडे बघून सांगायचो, आणि मी सांगायचो तीच वेळ. माझ्या भट्टीची वीट कधी पिचकी निघाली नाही. आज या नव्या इमारतीच्या भिंतीवर टिचकी मारतो तर पोकळ आवाज येतो. सिमेंटचे हलके ठोकळे आहेत. माझ्या विटेवर टिचकी मारली असती तर तिने पितळेच्या भांड्यासारखं उत्तर दिलं असतं. असो.

लग्न झालं तेव्हा आमचा संसार पळस्प्याच्या अलीकडे एका भट्टीवर होता. कच्च्या विटांच्या तीन भिंती, वर पेंढा, आणि चौथ्या बाजूला दाराच्या जागी गोणपाट. त्या झोपडीत शोभेची वस्तू एकच, एका जुन्या कॅलेंडरचा कापलेला देवाचा फोटो. धूर काय, वारा फिरेल तिकडे जायचा. दर आठ दिवसांनी देवाचं तोंड काळं पडायचं. कागदाचा देव, ओल्या फडक्याने पुसला तर रंगच निघेल. मग बायको भाकऱ्या थापून झाल्या की परातीत सुपारीएवढा उकडीचा गोळा ठेवायची, तो तळव्यावर घोळवून चांगला घट्ट करायची, आणि फोटोवर नुसती टिपत जायची. घासायची नाही. टिप, उचल, टिप, उचल. गोळा करडा व्हायचा, मग काळा, आणि देव खालून उजळत वर यायचा. मी विस्तवाकडून थकून यायचो, बिडी ओढत बघायचो आणि हसायचो. ती म्हणायची, "हसा. देवाला निदान तोंड धुवाला मिलतंय. तुमी तं ते पन नाय करीत."

एका दसऱ्याला आम्ही दोघं मालकांच्या घरी सोनं द्यायला पनवेलात गेलो. त्यांच्या दारावर मण्यांचं तोरण होतं, राघूंचं. मी आत जाऊन पाया पडलो, आपट्याची पानं दिली, मालकीणबाईंनी हातावर लाडू ठेवला. बाहेर आलो तर ही अजून पायरीवरच. मान मागे टाकून वर बघत उभी. पदर डोक्यावरून घसरला होता तेही तिच्या ध्यानात नव्हतं. परतीच्या वाटेवर सारखी मागे वळून बघत होती. गोव्याचा रस्ता जिथे फुटतो तिथे आल्यावर म्हणाली, "आपल्या दाराला तसला एक पायजे."

मी मोठ्याने हसलो. "आगं, आदी दार तं होऊ दे!"

"व्हईल दार. तवा आना."

"आनीन," मी म्हणालो. माझा शब्द होता तो.

पुढे दार झालं. गावातल्या घराला चांगलं जांभळाच्या फळ्यांचं दार मी स्वतः बसवून घेतलं. पण तोरण राहिलं. आधी पोरांच्या शाळा, मग लग्नं, आणि मग बाजारात मिळायला लागली ती प्लास्टिकची. मी म्हटलं, आणीन तर काचेचं आणीन, नाहीतर नाही. माझ्या या हट्टात वर्षं गेली. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही. ज्या बाईने एकदाच मागितलं आणि नंतर गप्प राहिली, तिच्यापुढे मला माझ्या शब्दाची जास्तच लाज वाटत राहिली, हे आज कबूल करतो.

आणि या मधल्या काळात तिच्या छातीत दमा येऊन बसला. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, पडद्यावर लावला आणि विचारलं, "आजी, चुलीवर बरीच वर्षं काढली का?" ही म्हणाली, "चुलीवर कमी, यांच्या भट्टीवर जास्ती." ती चेष्टेतच म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या घरात अगरबत्तीसुद्धा लागत नाही. माझी बिडीही त्याच दिवशी सुटली. गावातल्या घरासमोरून कंटेनर जातात, त्यांच्या धुराने तिला धाप लागायची. म्हणून मुलाने हा पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. वर हवा असते. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा फिरला तर संध्याकाळी खिडक्या लावाव्या लागतात, एरवी खरंच असते.

गृहप्रवेशाला महिना राहिला होता. मी बाजारात काही आणायला गेलो होतो. तिथे जुन्या लाकडी सामानाचं एक दुकान आहे. रिकाम्या होणाऱ्या घरांतल्या वस्तू तिथे येऊन पडतात. आरसे, घड्याळं, हरणाची खोटी डोकी. एका मोडक्या कपाटाच्या खुंटीला काहीतरी लटकत होतं, काळपट, चिकट, माशांच्या जुन्या जाळ्यासारखं. मी बोटाने एक मणी पुसला. खालून हिरवा रंग चमकला. मी दुसरा मणी पुसला, मग तिसरा.

दुकानवाला चाचा माझ्याहून थोडाच लहान. म्हणाला, "काका, माल असली आहे, सगळी काच. पण झूठ नाही बोलणार, वास आहे त्याला. एका खाणावळीतून आलंय. तीन जणांनी नेलं, तिघांनी परत आणलं."

मी ते नाकाशी धरलं. "लाकडाची चूल," मी म्हणालो. "त्यात रॉकेल. आणि गल्ल्यावर बसणारा बिडी ओढायचा."

चाचा बघतच राहिला. "कमाल आहे! तो ओढायचाच!"

अशा तोऱ्यात मी ते गावातल्या घरी नेलं. पिशवीतून काढून तिच्यासमोर धरलं. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग तोरणाकडे. काजळीतून तिला राघू कसे दिसले कोण जाणे, पण दिसले. तिचा हात पुढे आला. आणि हात मण्यांना लागायच्या आत तिला जी उबळ आली ती थांबेना. सून धावत दम्याचा पंप घेऊन आली. मी तोरण घेऊन मागच्या पडवीत पळालो. आतून तिचा खोकला ऐकू येत होता आणि माझ्या हातात तिचं चाळीस वर्षांपूर्वीचं मागणं होतं, जे मी तिच्यापासून लांब धरून उभा होतो.

मुलगा पडवीत आला. "बाबा, फेकून द्या ते. ऑनलाइन मागवतो ना, दोन दिवसांत येईल. लाइटवालं पण मिळतं."

"लाइटवालं तुज्या गाडीला लाव," मी म्हणालो. "गृहप्रवेशाला दारावर हेच लागंल."

"आणि आईला परत अटॅक आला तर?"

मी म्हटलं, "वास गेला नाय तर मीच खाडीत टाकीन." शब्द देऊन बसलो, पुन्हा एकदा.

आता मी काय केलं असेल? हसाल तुम्ही. आमच्यात दुसऱ्याच्या घरची वस्तू आणली की उदाचा धूर दाखवल्याशिवाय ती उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही, अशी रीत. कुणाची नजर, कुणाचं काय तिच्याबरोबर आलेलं असतं, ते धुराने निघतं. माझ्या आईने असं केलं, आजीने केलं. मीही दुसऱ्या दिवशी तोरण घराबाहेर, पार चिंचेखाली नेलं, धुपाटण्यात निखारे घातले, वर ऊद टाकला, आणि मोठ्या भक्तीने तोरणाला खालून वर, वरून खाली धुरी दिली. लागोपाठ दोन दिवस दिली. मला वाटलं, ऊद म्हणजे सुवास, सुवासाने वास मरेल. जन्मभर धूर हाताळलेला माणूस मी, आणि सुती दोऱ्याला आणखी धूर पाजत बसलो होतो.

आमच्याकडे उरणहून एक मासळीवाली येते, पंचवीस वर्षं येतेय. पाटी उतरवता उतरवताच तिचं नाक आक्रसलं. "दादूस, काय जाललंव?"

मी तोरण दाखवलं आणि काय केलं ते सांगितलं. ती पाटीला हात लावून हसत सुटली. "आरं देवा! सुक्या बोंबलाला परत मीठ लावताव काय? आदी एक धूर व्हता, आता दोन झालं. वयनी, बगा तुमचा भट्टीवाला!"

आतून तिची वयनी, म्हणजे आमची ही, म्हणाली, "त्यांला दुसरा येतंय काय?"

मला झोंबलं. खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. त्या तिरमिरीत मी साबणाचं पाणी केलं आणि तोरणाचा एक कोपरा बुडवला. काजळी सुकी होती तोवर मण्यांच्या वर बसली होती; पाणी लागताच ती विरघळून मागच्या अस्तरात उतरली, पांढऱ्याचं राखाडी झालं, विरलेला दोरा एका जागी सुटला आणि सात मणी पडवीच्या फरशीवर टणटणत गेले. मी हातापायांवर रांगून ते गोळा केले. सातही सापडले. एका काडेपेटीत ठेवले आणि भिंतीला टेकून बसून राहिलो. दिवस सरत होते.

दोन सकाळी अशाच गेल्या. तिसऱ्या सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात चहासाठी उभा होतो. ती उकड मळत होती. वाफाळलेल्या पिठाला पाण्याचा हात लावत, तळव्याच्या मुळाने दाबत, पुन्हा गोळा करत. तो वास आला आणि मला ते गोणपाटाचं दार दिसलं, परात दिसली, काळ्या तोंडाचा देव दिसला. टिप, उचल. टिप, उचल. चाळीस वर्षं ती विद्या माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिला हसण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

ती तवा ठेवायला वळली तसा मी परातीतून एक गोळा उचलला आणि पडवीत पसार झालो. गोळा तळव्यावर घोळवून पाण्याचा अंश जाईतो सुकवला. मग पहिल्या राघूच्या शेपटापासून सुरुवात केली. दाबायचं नाही, घासायचं नाही. गोळा करडा झाला. आतून घडी करून पांढरी बाजू वर आणली. पुन्हा करडा. अर्ध्या तासाने तो बुटाच्या पॉलिशसारखा काळा झाला होता आणि शेपटाची तीन पिसं अशी हिरवी झाली होती की मी एकटाच मोठ्याने हसलो. नवसाचं पोर व्हावं तसा आनंद झाला मला! एका गोळ्यात वीतभरसुद्धा होत नव्हतं. मग रोज सकाळी एक गोळा, रोज एक चोरी. मण्यांच्या फटींत गोळा जात नाही तिथे जुन्या दाढीच्या ब्रशने कोरडंच झाडायचो. बोटांना कित्येक वर्षांनी पुन्हा काजळी लागली. आत भाकऱ्यांचा हिशेब चुकू लागला. "रोज पीठ तेवराच घेतंय, भाकर एक कमी कशी?" ती सुनेला विचारी, आणि सून, जिने मला पहिल्याच दिवशी पकडलं होतं, म्हणे, "मांजर असेल, आई."

"उकड खानारा मांजर?"

आठ दिवसांत राघू उजळले. पण मणी काचेचे, त्यांनी धूर वरच्यावर धरला होता. दोरा आणि अस्तर सुती, त्यांनी तो पोटात घेतला होता. वास कमी झाला, गेला नाही. तिथे मात्र मला माझीच विद्या उपयोगी पडली. भट्टीवर पिण्याच्या पाण्याला धुराचा वास लागायचा, तेव्हा आम्ही माठात कोळशाचे चार तुकडे टाकायचो. दुसऱ्या दिवशी पाणी निवळ. मी नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून घमेलंभर कोळसा आणला, न पेटलेला, खडखडीत. फोडून, भुकटी पाखडून, फडक्यात त्याच्या सैल पुरचुंड्या बांधल्या. तांदळाची मोठी पत्र्याची कोठी रिकामी करून तळाला त्या ठेवल्या, वर तारेला तोरण टांगलं, कोळशाला लागणार नाही असं, आणि झाकण घट्ट लावलं. पाच दिवस उघडलं नाही. मग एक दिवस सावलीत वाऱ्यावर. मग कोळसा बदलून आणखी पाच दिवस. ज्याच्या पोटातून धूर निघतो त्यालाच तो गिळायला लावला. भट्टी लावणाऱ्याला याहून मोठं समाधान दुसरं कुठलं!

झाकण काढलं, तोरण नाकाशी धरलं. काही नाही. पुन्हा धरलं. काही नाही. आणि तेव्हा माझ्या मनात भलतीच शंका आली. चिंचेखाली उदाची धुरी मला सुवासच वाटली होती. मासळीवालीला जे अंगणातून कळलं ते मला हातात धरून कळलं नव्हतं. कुठला धूर आहे ते सांगणारं माझं नाक, धूर संपला कधी ते सांगू शकतं का? जन्मभर ज्या वासात राहिलो त्याच्या नसण्याची मला काय पारख? या वयात आपल्याच नाकाबद्दल असं वाटणं सोपं नाही, पण पणाला माझं नाक नव्हतं, तिचा श्वास होता.

म्हणून मासळीवालीची वाट बघितली. तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि तोरण असं उचललं की माशाचा कल्ला उघडून बघतेय. अस्तर उलटं केलं, नाक आत खुपसलं, डोळे मिटले. मी शाळेत परीक्षेला कधी बसलो नाही. त्या दिवशी बसलो.

"धूर नाय," ती म्हणाली. पुन्हा हुंगलं. "जरा उकडीचा येतंय. पन धूर नाय. माज्या पाटीची आन, दादूस, नाय!"

मी तिच्याकडून त्या दिवशी चढ्या भावाची पापलेटं घेतली आणि घासाघीस केली नाही. तिने नंतर हे सगळ्या गल्लीत सांगितलं.

काडेपेटीतले सात मणी सुनेने जागच्या जागी ओवून दिले. गृहप्रवेशाच्या सकाळी मुलगा नको नको म्हणत असताना मी स्टुलावर चढलो आणि माझ्या हातांनी तोरण बांधलं. होम मी आधीच बजावून खाली इमारतीच्या मोकळ्या आवारात करायला लावला होता. भटजी कुरकुरले, पण माझ्याशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही. लिफ्ट आली. ती हातात कलश घेऊन बाहेर पडली, चार पावलं आली आणि थांबली. मान मागे गेली. पदर डोक्यावरून घसरला. आत सगळे खोळंबले होते, भटजी काहीतरी म्हणत होते, आणि ती पायरीवर उभी असल्यासारखी उभी होती. सून एका हातात पंप धरून तयार. मी स्टुलाशेजारी श्वास रोखून तिच्या श्वासाकडे कान लावला होता.

तिने एक लांब श्वास घेतला. पूर्ण. आणि सोडला. त्यात ना घरघर, ना शिट्टी.

मग हात वर करून एका राघूच्या शेपटाला बोट लावलं, ते बोट नाकाशी नेलं, आणि हळूच माझ्याकडे वळली. "उकड खानारा मांजर ह्यो काय?"

सगळे हसले. ती पण हसली, पोटभर हसली, आणि हसूनही खोकला आला नाही. "देवाच्या फोटूची इद्या चोरलाव माजी," ती म्हणाली. "तवा तं हसत व्हताव."

"दार झाला, आनला," मी म्हणालो. खरं तर एवढं बोलायलाच मी इतकी वर्षं थांबलो होतो.

पळस्प्याच्या अलीकडची ती भट्टी आता नाही. तिथे पुलाचे खांब आले आहेत, आणि जिथे आमचं गोणपाट लटकायचं ती जागा नेमकी कुठली ते मलाही दाखवता येणार नाही. विटा पाडणारे हात गेले, धूर आकाशात गेला. थोडा तिच्या छातीत राहिला आहे. तो उकडीने टिपता येत नाही, कोळशाने शोषता येत नाही. त्याच्यावर माझा हट्ट चालत नाही हे मला कळतं. पण या दारातून तो आत येणार नाही, एवढं मी केलंय.

आता मला इथे वास घ्यायची गरज उरलेली नाही. सकाळी उकड मळून झाली की ती हात पुसत दारापर्यंत येते, तोरणाखाली थांबते, मधल्या राघूकडे बघते. मी बाजूला उभा राहून ऐकतो. आत जाणारा श्वास, बाहेर येणारा श्वास, आणि वर कुठे तरी एखादी नळी किणकिणते. मग ती म्हणते, "चला, भाकर थंड व्हतेय." आता भाकऱ्या रोज पुऱ्या असतात, तरी परातीच्या कडेला सुपारीएवढा गोळा ती आठवणीने ठेवते.